थंडी वाढली की हीट पंप जास्त वीज का खातो?

बाहेर उणे दहा अंश. अंगणात बर्फ साचलेला. घराच्या भिंतीलगत पेटीसारखं एक यंत्र उभं आहे, त्याचा पंखा फिरतोय, आणि त्याच बोचऱ्या हवेतून उष्णता काढून ते घरातलं पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवतंय. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही आणि त्यात नवल काहीच नाही. थंड हवेत उष्णता असते हेच मुळात पटायला वेळ लागतो.

या यंत्राचं नाव हीट पंप. गेल्या काही वर्षांत युरोपात त्यावरून प्रचंड वाद झाला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅस महागला आणि घरं तापवायची कशी हा प्रश्न एकदम राजकारणाच्या मध्यभागी आला. जर्मनीच्या संसदेने सप्टेंबर २०२३ मध्ये कायदा केला. नव्या वसाहतींतल्या नव्या घरांत बसणाऱ्या हीटिंगची किमान ६५ टक्के ऊर्जा नवीकरणीय स्रोतांतून आली पाहिजे, ही अट १ जानेवारी २०२४ पासून लागू झाली. हीट पंप बसवायच्या खर्चाला ७० टक्क्यांपर्यंत अनुदानही ठेवलं गेलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून असं अनुदान ७,५०० पौंड झालं. आणि मग दोन तट पडले. एकाचं म्हणणं, खऱ्या थंडीत हे यंत्र हात टेकतं. दुसऱ्याचं म्हणणं, थंडी कितीही पडो, काही फरक पडत नाही. पहिलं म्हणणं चुकीचं आहे आणि दुसरं अर्धवट.

जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न आता भाड्याचं घर शोधताना किंवा स्वतःचं घर घेताना पडतो. पण नागपुरात मे महिन्यात एसी लावणाऱ्या माणसाचाही या विषयाशी तितकाच संबंध आहे. का, ते पुढे येईलच.

उष्णता तयार करायची की उचलून आणायची?

गीझरमध्ये तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून वीज गेली की ते तापतं आणि पाणी गरम होतं. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त कधीच नाही. जुन्या पद्धतीचा विजेचा रूम हीटर तसाच.

हीट पंप वीज वापरतो ती उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला. त्याच्या नळ्यांमध्ये एक द्रव फिरत असतो, त्याला रेफ्रिजरंट म्हणतात. एसीचा मेकॅनिक ‘गॅस संपलाय’ म्हणतो, तो हाच. त्याचा गुण असा की फार कमी तापमानालाही तो उकळतो. युरोपातल्या अनेक नव्या हीट पंपांत प्रोपेन वापरतात. साध्या हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. अशा द्रवाला उणे दहाची हवा चांगली गरम आहे. बाहेरच्या कॉइलमध्ये तो हवेतली उष्णता शोषून घेतो आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबली की ती तापते. घरातल्या बाजूला ती वाफ खोल्या तापवणाऱ्या नळ्यांतल्या पाण्याला उष्णता देते आणि पुन्हा द्रव होते. मग एका बारीक झडपेतून जाताना तिचा दाब उतरतो, ती एकदम गार होते आणि बाहेरच्या कॉइलकडे परत जाते. तुमच्या फ्रिजमध्ये हेच चाललेलं असतं. आतल्या भाजीतली उष्णता मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात येते, म्हणून ती जाळी हाताला गरम लागते.

कॉम्प्रेसरला एक युनिट वीज दिली आणि घरात तीन युनिट उष्णता आली, तर यंत्राचा सीओपी तीन आहे असं म्हणतात. या लेखात जाणून घेण्यासारखी एवढी एकच संज्ञा आहे. घरात आलेली उष्णता भागिले खर्च झालेली वीज, एवढाच तिचा अर्थ.

एकाचे तीन झाले, म्हणजे दोन फुकट आले का?

फुकट आले, पण शून्यातून आले नाहीत. ती दोन युनिटं बाहेरच्या हवेतली. आउटडोअरच्या पंख्यातून निघणारी हवा आत शिरणाऱ्या हवेपेक्षा काही अंशांनी गार असते. तेवढी उष्णता तिच्यातून काढून घेतलेली असते. हिशेब चोख जुळतो.

आणि उणे दहाच्या हवेत उष्णता उरते तरी किती? शून्य अंश म्हणजे पाणी गोठण्याचं तापमान. आपण आपल्या सोयीसाठी तिथे शून्य मांडला. उष्णतेचा खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे. त्या तळापासून मोजायला लागलो तर वीस अंशांची खोली २९३ वर आहे आणि उणे दहाची हवा २६३ वर. फरक जेमतेम दहा टक्क्यांचा. बाहेर उष्णतेचा साठा भरपूर आहे. प्रश्न आहे तो वर किती चढवावी लागते याचा.

विहीर, मोटर आणि हेड

विहिरीवर मोटर बसवलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला पुढचं गणित आधीच माहीत आहे. मोटर घ्यायला गेलं की दुकानदार आधी हेड विचारतो: पाणी किती खोलातून काढायचं आणि किती उंचावर न्यायचं? पाणी तेवढंच असलं तरी हेड दुप्पट झालं की वीज दुप्पट लागते. विहिरीत पाणी आहे की नाही हा एक प्रश्न, ते वर आणायला काय पडतं हा दुसरा.

हीट पंपासाठी बाहेरचं तापमान म्हणजे विहिरीतली पाण्याची पातळी. थंडी वाढली की पातळी खाली गेली. घरातल्या नळ्यांत जितकं गरम पाणी लागतं, ती वरची टाकी. या दोन्हींमधलं अंतर म्हणजे यंत्राचं हेड, आणि बिल त्यावर ठरतं.

फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ मध्ये उष्णतेच्या यंत्रांचा जो नियम मांडला, त्यातून याची वरची मर्यादा काढता येते. गरम बाजूचं तापमान उणे २७३ च्या तळापासून मोजायचं आणि त्याला दोन बाजूंमधल्या फरकाने भागायचं. समजा बाहेर सात अंश आहे आणि फरशीखालच्या नळ्यांत ३५ अंशांचं पाणी फिरवायचं आहे. ३५ अंश म्हणजे तळापासून ३०८, फरक २८. भागाकार अकरा. बाहेर उणे सात झालं की फरक ४२ होतो आणि भागाकार ७.३ वर उतरतो. उणे पंधराला तो ६.२.

हे आकडे कागदावरच्या आदर्श यंत्राचे. प्रत्यक्षातलं चांगलं यंत्र त्याच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचतं, कारण हवेतून उष्णता ओढायची तर कॉइल हवेपेक्षा आणखी काही अंश गार ठेवावी लागते, पाण्याला ती द्यायची तर रेफ्रिजरंट पाण्यापेक्षा गरम लागतो, शिवाय कॉम्प्रेसरचं घर्षण आणि पंख्याची वीज आहेच. म्हणून सात अंशांना साडेचार-पाच आणि उणे सातला तीनच्या आसपास सीओपी मिळतो. थंडी वाढली की कार्यक्षमता घटते, हे खरं. पण उणे सातलाही तो गीझरच्या जवळपास तिप्पट कामाचा आहे, हेही तितकंच खरं.

वरचं टोक: वादात विसरलं जाणारं

आता मला या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगायचा आहे. हीट पंपावर बोलताना सगळे बाहेरचा थर्मामीटर बघतात. वरच्या टाकीकडे कुणी बघत नाही.

जुन्या युरोपीय घरांत भिंतीला लोखंडी रेडिएटर असतात आणि त्यांत ५५, ६० किंवा ७० अंशांचं पाणी फिरतं. घर गळकं, खिडक्या पातळ, रेडिएटर लहान. अशा वेळी पाणी कडक असल्याशिवाय खोली गरम होत नाही. फरशीखाली नळ्या असलेल्या नव्या घरात मात्र सगळी जमीनच रेडिएटर होते, त्यामुळे ३५ अंशांचं पाणी पुरतं.

पुन्हा तोच भागाकार करू. बाहेर सात अंश, पाणी ५५ अंश: ३२८ भागिले ४८, म्हणजे ६.८. वरचा आकडा आठवा. बाहेर उणे सात आणि पाणी ३५ असताना उत्तर ७.३ होतं. गोठवणाऱ्या दिवशी कोमट पाण्यावर चालणारा हीट पंप, सौम्य दिवशी कडक पाणी देणाऱ्या हीट पंपापेक्षा तेवढ्याच उष्णतेसाठी कमी वीज खातो. बाहेरचं तापमान चौदा अंशांनी उतरूनही.

बाहेरची हवा कुणाच्या हातात नसते. पाण्याचं तापमान मात्र असतं. ते एक अंशाने कमी केलं की साधारण दोन ते अडीच टक्के वीज वाचते. रेडिएटर मोठे लावले, खिडक्या बदलल्या, छताला इन्सुलेशन केलं, तर हेच पाणी दहा-पंधरा अंशांनी उतरवता येतं. म्हणून ‘हीट पंप थंडीत चालतो का?’ असं कुणी विचारलं, तर मी उलट विचारतो: कडाक्याच्या दिवशी तुमच्या घराला किती अंशांचं पाणी लागतं?

हे तपासायला हीट पंप विकत घ्यावा लागत नाही. सध्याच्या गॅस बॉयलरवरच पाण्याचं तापमान ५५ वर आणायचं आणि हिवाळ्यातल्या सगळ्यांत थंड आठवड्यात तसंच ठेवायचं. रेडिएटरचे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे. घर उबदार राहिलं तर तिथे हीट पंप नीट चालेल. एखाद-दुसरी खोली गार पडली, तर तेवढ्याच खोलीतला रेडिएटर बदलायचा आहे, अख्खं घर फोडायचं नाही. बाहेर पाच अंश असताना हा प्रयोग केला तर मात्र त्याला काही अर्थ नाही.

जानेवारीचं बिल एवढं का येतं?

विहिरीचं दुःख असं की पातळी खाली जाते ती नेमकी उन्हाळ्यात, पिकाला सगळ्यांत जास्त पाणी लागतं तेव्हा. मोटरही त्या वेळी कमी पाणी फेकते, कारण हेड वाढलेलं असतं. हीट पंपाची जानेवारीतली गत हीच.

आधी गरज बघू. घरात वीस अंश हवेत. बाहेर दहा अंश असताना फरक दहाचा. बाहेर उणे दहा झालं की फरक तीस. भिंती-खिडक्यांतून उष्णता निसटते ती या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे गरज तिप्पट झाली. सीओपी त्याच वेळी, समजा, साडेचारवरून अडीचवर आला. ज्या घराला दहा अंशांच्या दिवशी २.७ किलोवॉट उष्णता लागत होती, त्याला आता ८.१ लागते. दिवसाची वीज मोजली तर १४ युनिटांवरून ७८ युनिटांवर जाते. तिप्पट गरज, पण वीज पाचपटीहून जास्त. हा धक्का पहिल्या हिवाळ्यात अनेकांना बसतो आणि यंत्रात बिघाड आहे असं वाटू लागतं. बिघाड नसतो. वर्षभराची बेरीज होईपर्यंत निर्णय द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळावं.

सीओपी एवढा का पडला? बाहेर थंडी वाढते तसं घराला अधिक गरम पाणी लागतं, आणि चांगली यंत्रणा बाहेरचं तापमान बघून पाणी आपोआप वाढवते. म्हणजे विहिरीची पातळी खाली जाते आणि टाकीही वर सरकते. हेड दोन्ही टोकांनी ताणलं जातं.

तिसरी अडचण यंत्राच्या ताकदीची. थंडीत रेफ्रिजरंटची वाफ विरळ होते. कॉम्प्रेसर दर फेऱ्यात ठरावीक जागेत मावेल एवढी वाफ ओढतो. ती विरळ असेल तर वजनाने कमी येते आणि उष्णताही कमी मिळते. सात अंशांना आठ किलोवॉट देणारं यंत्र उणे दहाला सहाच देऊ शकेल. घराची गरज वर चढत असते, यंत्राची ताकद खाली उतरत असते आणि कुठल्या तरी तापमानाला दोघांची गाठ पडते. त्याच्या खाली जी तूट येते ती भरून काढायला आत एक साधा विजेचा हीटर दिलेला असतो. त्याचा सीओपी एक, गीझरइतकाच. वर्षातले मोजके तास तो लागला तर बिलावर फारसा परिणाम होत नाही. यंत्र लहान निवडलं असेल किंवा सेटिंग चुकलं असेल, तर तो नकळत तासन्‌तास चालत राहतो. हीट पंपाच्या बदनामीतला मोठा वाटा या हीटरचा आहे. यावर उपाय म्हणून गरजेच्या दुप्पट मोठं यंत्र घेणारेही असतात. ते सौम्य दिवसांत सारखं चालू-बंद होतं आणि त्यातही वीज जाते. नेमकं माप काढणारा इंजिनिअर मिळणं, हे यंत्राच्या कंपनीपेक्षा महत्त्वाचं आहे.

शून्याच्या आसपासची दमट हवा

सगळ्यांत त्रासदायक हवा उणे पंधराची असते असा समज आहे. हीट पंपाला अधिक छळते ती शून्य ते चार-पाच अंशांची ओलसर, धुकट हवा.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दर हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याची बातमी येते. हवेचं तापमान तेव्हा शून्याच्या वर असतं, पण गवत आणि गाड्यांचे टप हवेपेक्षा गार झालेले असतात, म्हणून दव त्यांच्यावर गोठतं. आउटडोअरच्या कॉइलवर हेच घडतं. उष्णता ओढून घेण्यासाठी ती हवेपेक्षा काही अंश गार ठेवलेली असते. हवा तीन अंशांची असली तरी कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर हिम होऊन बसते. थर वाढला की हवा पुढे जात नाही.

मग यंत्र थोडा वेळ उलटं चालतं. घरातली उष्णता घेऊन ते कॉइलवरचं हिम वितळवतं. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. त्या काही मिनिटांत बाहेर वाफेचा लोट दिसतो आणि खाली पाणी गळतं. नवख्या माणसाला यंत्र पेटलं की काय असं वाटतं. उणे दहा-पंधराच्या हवेत मुळात बाष्पच फार कमी असतं, त्यामुळे हिम कमी धरतं. म्हणून काही यंत्रांचा आलेख शून्याच्या आसपास थोडा खचलेला दिसतो. लंडनसारख्या ओल्या हिवाळ्याच्या शहरात हा पट्टा महत्त्वाचा. कॉइलखालचं पाणी वाहून जायला वाट ठेवली नाही, तर तिथेच बर्फाचा गोळा होतो.

मग नॉर्वेत एवढे हीट पंप कसे?

युरोपात घरांच्या प्रमाणात सर्वांत जास्त हीट पंप नॉर्वेत आहेत, शंभरांतल्या सुमारे साठ घरांत. त्यामागे स्वीडन आणि फिनलंड. थंडीत चालत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर नेहमी दिलं जातं. ते बरोबर आहे, पण त्यामागची परिस्थितीही सांगायला हवी. नॉर्वेची वीज बहुतांश जलविद्युत आहे आणि तिथली घरं आधीपासून साध्या विजेच्या हीटरवर तापत होती. त्या जागी सीओपी अडीचचं यंत्र आलं तरी फायदा सरळ आहे. तिथली अनेक यंत्रं आपल्या स्प्लिट एसीसारखी थेट हवा तापवणारी आहेत, त्यांना ५५ अंशांचं पाणी करावंच लागत नाही. आणि बऱ्याच घरांत कडाक्याच्या रात्रीसाठी लाकडाची शेगडी असते. या सगळ्याच्या जोडीला घरं चांगली बंदिस्त आहेत.

एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. जर्मनीच्या बहुतेक भागात हिवाळ्यातले बहुतेक तास शून्य ते दहा अंशांच्या मधले असतात. उणे पंधरा क्वचित. म्हणून अख्ख्या वर्षाची सरासरी बघतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने जुन्या, राहत्या घरांत बसवलेल्या हीट पंपांची प्रत्यक्ष मोजमापं घेतली. हवेतून उष्णता घेणाऱ्या यंत्रांची वार्षिक सरासरी ३.१ आली, जमिनीतून घेणाऱ्यांची ४.१.

जमीन जिंकते याचं कारण उघड आहे. दहा-पंधरा मीटरच्या खाली ऋतूंचा परिणाम जवळपास संपतो आणि जर्मनीत तिथे वर्षभर साधारण दहा अंश असतं. ही विहीर जानेवारीत फारशी आटत नाही. फक्त बोअर मारायचा खर्च मोठा. नदीचं पाणीही चालतं. झुरिकच्या राटहाउस इमारतीत १९३८ मध्येच लिमाट नदीतून उष्णता घेणारा हीट पंप बसला होता.

पैसे आणि धूर

समजा विजेचं युनिट गॅसच्या युनिटापेक्षा तिप्पट महाग आहे आणि गॅस बॉयलर नव्वद टक्के उष्णता घरात पोहोचवतो. तर हीट पंपाचा वर्षाचा सीओपी २.७ च्या वर गेला की बिल गॅसपेक्षा कमी, खाली राहिला की जास्त. म्हणून ३५ अंशांवर चालणाऱ्या घरात आनंदीआनंद आणि ६५ वर चालणाऱ्या शेजारच्या घरात मनस्ताप, असं एकाच गल्लीत दिसतं. दोघंही खरं सांगत असतात.

वीज कोळशाची असेल तर? हा आक्षेप मला रास्त वाटतो. निव्वळ कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सीओपी तीन धरला तर घरातल्या एका युनिट उष्णतेमागे सुमारे ३३० ग्रॅम. गॅस बॉयलर तेवढ्यासाठी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास सोडतो. म्हणजे सगळी वीज कोळशाची असेल तर गॅस बॉयलर सरस ठरतो. जर्मनीत आता निम्म्याहून अधिक वीज नवीकरणीय आहे, म्हणून तिथे हिशेब उलटतो. आणि तुलना साध्या गीझरशी असेल, तर वीज कुठलीही असो, हीट पंप तिच्यातला एकतृतीयांशच वापरतो.

संपूर्ण देशाच्या ग्रीडला मात्र थंडीची लाट जड जाते, कारण सगळ्या घरांची गरज एकाच संध्याकाळी वाढते. फ्रान्समध्ये हिवाळ्यात पारा एक अंश उतरला की विजेची मागणी सुमारे २,४०० मेगावॉटने वाढते. त्यात साध्या विजेच्या हीटरचा मोठा हात आहे; त्यांच्या जागी हीट पंप आले तर हा आकडा घटेल.

विदर्भातला मे महिना

तुमचा एसी हा हीट पंपच आहे, फक्त उलट्या दिशेचा. तो खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत नेऊन टाकतो. युरोपात थंडीने हेड वाढतं, आपल्याकडे उन्हाने.

आपल्याकडे एसीचा टनेज मोजतात तो बाहेर ३५ अंश धरून. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५-४६ वर जातो, तेव्हा दीड टनाचा एसी दीड टन देत नाही. आतली कॉइल दहा अंशांवर आणि बाहेरची कॉइल हवेपेक्षा बारा अंश गरम धरून कार्नोचा हिशेब केला, तर ३५ वरून ४५ ला जाताना कार्यक्षमता पाचव्या हिश्श्याने घटते. खोलीत शिरणारी उष्णताही त्याच वेळी वाढलेली असते. स्टार रेटिंगसाठी २४ ते ४३ अंशांमधलं बाहेरचं तापमान धरून वर्षाच्या १,६०० तासांचा हिशेब करतात. त्यामुळे पुण्यातला पाच स्टार आणि चंद्रपुरातला पाच स्टार यांच्या बिलात अंतर पडणारच.

इथेही वरचं टोक काही प्रमाणात आपल्या हातात आहे. बिल्डर आउटडोअरसाठी अरुंद डक्ट देतात, लोक बाल्कनीला काचा लावून तिच्यात आउटडोअर कोंडतात. त्याने सोडलेली गरम हवा फिरून त्याच्याच तोंडात येते. शहरात ४० अंश असताना त्या एसीसाठी बाहेर ४८ असतात. मोकळ्या हवेत, सावलीत ठेवलेलं आउटडोअर हा बिल कमी करायचा बिनखर्ची उपाय आहे. खालचं टोक म्हणजे रिमोटवरचा आकडा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये २४ अंशांचा आग्रह धरताना सांगितलं होतं.

सरळ दिशेचा हीट पंपही महाराष्ट्रात आहेच. हॉटेलं, वसतिगृहं, रुग्णालयं यांच्या गच्चीवर गरम पाण्यासाठी तो बसतो. दोनशे लिटर पाणी वीसवरून ५५ अंशांवर न्यायला गीझरला आठ युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. सीओपी तीनच्या हीट पंपाला पावणेतीन. पुण्यात डिसेंबरच्या पहाटेही हवा शून्यापासून दूर असते, त्यामुळे हिमाचा त्रास नाही. मुंबईची दमट हवा तर उपयोगीच पडते, कारण तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होताना स्वतःची उष्णता देऊन जाते. शक्य असेल तर यंत्र पहाटेऐवजी दुपारी चालवावं. दुपारी हवा दहा-पंधरा अंशांनी गरम असते आणि चांगल्या इन्सुलेशनची टाकी पाणी सकाळपर्यंत टिकवते.

पाण्याचं तापमान मात्र इथे मनाला येईल तितकं उतरवता येत नाही. मोठ्या टाकीत कोमट पाणी दिवसेंदिवस साठून राहिलं तर त्यात लेजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसांत जातात. म्हणून रुग्णालयात आणि वसतिगृहात साठवलेलं पाणी ६० अंशांवर ठेवतात. त्यासाठी जास्तीची वीज लागते आणि ती द्यायलाच हवी.